अंगण खरंच वाकडं होतं: मधल्या किमतीतला रायफल स्कोप निवडताना

माझा पहिला स्कोप ६-२४×५० होता. म्हणजे ६ पटीपासून २४ पटीपर्यंत झूम आणि पुढची काच ५० मिलिमीटरची, त्यात लाल-हिरवा लागणारा दिवा, भलेमोठे टरेट (नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायच्या गोल चकत्या), बाजूला फोकसचं चाक. पॉइंट टू-टू रायफलवर चढवला की खाली रायफल आहे की नाही तेच कळायचं नाही. वर रिंगा (स्कोपला रायफलवर धरून ठेवणाऱ्या), सनशेड, काच पुसायचं फडकं सगळं फुकट, मी एकदम खूष.

मग सुरू झालं. ५० मीटरवर बसायचं, पाच गोळ्या मारायच्या, ग्रुप (भोकांचा पुंजका) खाली डावीकडे, म्हणून टरेटचे चार क्लिक वर आणि दोन उजवीकडे, परत पाच गोळ्या, ग्रुप जिथल्या तिथे, अजून चार क्लिक, तरी ढिम्म नाही, आणि मग दोन-तीन गोळ्यांनंतर अचानक सगळे क्लिक एकदम आठवल्यासारखी गोळी पार वर निघून जायची. काडतुसं बदलली, नळी घासली, श्वास धरून मारलं, सोडून मारलं. बाकीचे हसायचे, नाचता येईना अंगण वाकडं. खरं सांगतो, मलाही तेच वाटायला लागलं होतं. शेवटी रेंजवरच्या एका काकांनी त्यांचा जुना ४ पटीचा फिक्स स्कोप काढून माझ्या रायफलवर बसवला आणि म्हणाले, "हं, मार बघू आता." पाचही गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील अशा बसल्या. अंगण खरंच वाकडं होतं हो!

आत काय होतं ते नंतर कळलं. स्कोपच्या मोठ्या नळीत अजून एक छोटी नळी असते, झूमच्या काचा आणि क्रॉसहेअर (नेमाची फुली) तिच्यावरच. टरेट फिरवला की स्क्रू त्या नळीला एका बाजूने ढकलतो आणि समोरून एक स्प्रिंग तिला परत स्क्रूवर दाबून धरते, बस एवढाच खेळ आहे. स्प्रिंग मऊ असली किंवा स्क्रूची बैठक खडबडीत असली की नळी अडकून राहते आणि धक्के बसले की मग सरकते. जुने लोक क्लिक दिल्यावर टरेटवर टिचकी मारतात ना, ते यासाठीच. मला आधी ती अंधश्रद्धा वाटायची.

तेव्हापासून मी स्कोपकडे बघायची पद्धतच बदलली. मधल्या किमतीत पैसे कशाचे द्यायचे तर क्रॉसहेअर जिथे ठेवला तिथे राहण्याचे आणि टरेट सांगेल तेवढंच हलण्याचे. झूम, दिवा, काचेची चमक हे सगळं त्याच्या मागे रांगेत उभं.

दुकानात हे कळत नाही ही पंचाईत. दुकानात काय दिसतं तर काच. आणि भरदिवसा ट्यूबलाइटखाली बहुतेक सगळ्या काचा छानच दिसतात. काचेचा कस लागतो तो संध्याकाळी, झाडीच्या कडेला, शेवटच्या वीस मिनिटांत. त्यासाठी एक साधा हिशोब आहे, पुढच्या काचेचा व्यास भागिले झूम, म्हणजे डोळ्यापाशी येणारा उजेडाचा गोल केवढा ते मिळतं. ४० ला ९ ने भागलं तर ४.४ मिलिमीटर. माझ्या त्या ५० ला २४ ने भागा, जेमतेम २.१. आणि अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढलं की कमी. म्हणजे २४ पटीवर संध्याकाळी अंधारच बघायचा! झूम खाली आणला की तोच स्कोप उजळतो, हे कितीतरी लोकांच्या डोक्यात येतच नाही, ते अजून मोठी काच घ्यायला धावतात. ३० मिमीच्या नळीचंही तसंच, १ इंची नळीपेक्षा उजेड जास्त येतो हा गैरसमज आहे, त्या जागेचा उपयोग मुख्यतः क्रॉसहेअर वर-खाली करायला जास्त वाव मिळण्यासाठी. कोटिंग मात्र बघाच. बिनकोटिंगच्या काचेच्या दर पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो आणि स्कोपमध्ये असे पृष्ठभाग कितीतरी असतात, त्यामुळे 'फुली मल्टिकोटेड' लिहिलेलं नसेल तर मी बॉक्स उघडतसुद्धा नाही.

शिकार आणि टार्गेट दोन्ही एकाच स्कोपवर करायचं म्हटलं की खरी ओढाताण सुरू होते. शिकाऱ्याला हलका स्कोप पाहिजे, खालचा झूम ३ च्या आसपास पाहिजे कारण झाडीत जनावर २० पावलांवर उठलं तर ६ पटीत नुसती केसाळ भिंत दिसते, आणि टरेटवर टोपण पाहिजे, नाहीतर पिशवीत घासून झिरो (ठरल्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवून ठेवलेली असते ती) कधी हलला ते कळणारसुद्धा नाही आणि मग जनावर जखमी होऊन निघून जातं, त्यापेक्षा वाईट काही नाही. टार्गेटवाल्याला उलट, उघडे टरेट, मोठा झूम, पॅरालॅक्सचं चाक (तेच बाजूचं फोकसचं; डोळा कडेला सरकला की नेमही सरकल्यासारखा दिसतो, तो दोष घालवायला). माझं मत विचाराल तर शिकारीकडे झुकलेला स्कोप घ्या. ३-९×४० ला लोक जुनाट म्हणतात पण १०० मीटरवर ९ पटीत भोकं ठोकायला काहीच अडचण येत नाही. टार्गेट जास्त होत असेल तर ४-१२ किंवा ३-१५, साइड फोकससकट, वजन मात्र हातात घेऊन बघा.

पॅरालॅक्सबद्दल उगाच घाबरवतात. चाक नसलेले स्कोप कारखान्यातच एका अंतराला लावलेले असतात, मोठ्या रायफलींचे बहुधा १०० यार्डांना, रिमफायरवाले (माझ्या टू-टूसारख्या छोट्या काडतुसांच्या रायफलींचे) ५० ला. १०० ला लावलेला ४० मिमीचा स्कोप ५० यार्डांवर वापरला आणि डोळा अगदी कडेला गेला तरी चूक जास्तीत जास्त सेंटीमीटरभर. शिकारीत चालून जातं, टार्गेटला नाही. एअर रायफलवर १० मीटरला मारायचं असेल तर तेवढ्या जवळ फोकस होणाराच घ्या. आणि स्प्रिंगवाली एअर रायफल असेल तर एअरगनसाठी बनवलाय असं स्पष्ट लिहिलेलाच, कारण तिचा पिस्टन शेवटी पुढे आदळतो, धक्का मागे आणि पुढे दोन्हीकडे बसतो, आणि भलेभले स्कोप त्यात आतून खिळखिळे होतात.

क्लिकचं मी १/४ एमओएवर (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) भागवतो. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंटीमीटर, म्हणजे एक क्लिक साधारण ०.७. मिल हे कोनाचंच दुसरं माप, मिलवाल्यांचा ०.१ चा क्लिक तिथेच बरोबर १ सेंटीमीटर, हिशोबाला तो सोपा. दोन्ही चालतात, फक्त टरेट एका मापाचा आणि रेटिकल (क्रॉसहेअर आणि त्यावरच्या खुणा) दुसऱ्या मापाचं असं आंतरजातीय लग्न लावू नका, संसार होत नाही. रेटिकलवर खाली खुणा असतील तर हेही बघा की मागच्या फोकल प्लेनच्या स्कोपमध्ये (झूम बदलला तरी रेटिकल तेवढंच दिसतं त्यात) त्या खुणा एकाच झूमला खऱ्या असतात, बहुधा सगळ्यात मोठ्या झूमला. मी हे माहीत असूनसुद्धा एकदा ५ पटीवर खूण धरून गोळी टार्गेटच्या वरून घालवलीय.

घरी आणल्यावर परीक्षा घ्या, परत करायची मुदत संपायच्या आत. ५० मीटरवर कागद लावा, झिरो करा, मग ४० क्लिक उजवीकडे देऊन तीन गोळ्या, ४० वर देऊन तीन, ४० डावीकडे, ४० खाली, दर वेळी नेम मात्र मधल्याच ठिपक्यावर. १/४ एमओएचे क्लिक असतील तर चौकोनाची बाजू साडेचौदा सेंटीमीटर यायला पाहिजे आणि शेवटच्या गोळ्या झिरो करतानाच्या भोकांत परत. पण त्याआधी रिंगा. निम्मे "खराब" स्कोप खरं तर ढिल्या नाहीतर जास्त आवळलेल्या रिंगांमुळे बदनाम होतात. स्क्रू आणि बेस तेल पुसून कोरडे करा, रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) १५-१८ इंच-पाउंडपर्यंत, किंवा कंपनीने लिहिलंय तेवढेच, मनगटाच्या अंदाजाने नाही. डोळ्याचं मागच्या काचेपासूनचं अंतर सगळ्यात मोठ्या झूमवर लावा, साडेतीन-चार इंच मिळालं तर बरं, नाहीतर जोरदार रायफल भुवईवर चंद्रकोर काढते, तीसुद्धा कायमची.

धुक्याचं म्हणाल तर आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला सीलबंदच घ्यायचा. ल्युपोल्ड कंपनी स्कोपमध्ये उतरली तीच यामुळे, मार्कस ल्युपोल्डचा स्कोप आतून धुरकटला आणि हरणावरचा नेम चुकला, म्हणून त्याने स्वतःच स्कोप बनवायला घेतला, १९४७ मध्ये पहिला बाजारात आला. या वर्गात आज मी ल्युपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम, व्होर्टेक्सचा डायमंडबॅक, बरिसचा फुलफील्ड हे आधी बघीन. व्होर्टेक्स आणि ल्युपोल्डची आजन्म हमी आहे आणि पावती मागत नाहीत, जुना विकत घेतला तरी चालते. अर्थात हमी म्हणजे नंतरची सोय, शिकारीच्या सकाळी ती खिशात घेऊन काय करणार.

मी सध्या ३-९×४० वापरतो, गेल्या तीन सीझनमध्ये टोपण काढून क्लिक द्यायची वेळ दोनदाच आली, तीही काडतुसं बदलली म्हणून. आणि तो ६-२४ विकायला मन होईना, कोणाच्या गळ्यात मारणार? कपाटातच असतो, अष्टमीच्या आसपास गच्चीवर नेऊन चंद्रावरचे खड्डे बघतो, २४ पटीत झकास दिसतात.