मिक्सरसाठी राऊटर घेताना मी काय बघतो

दुकानात राऊटर मागितला की पहिला प्रश्न ठरलेला: "नेट कितीचं आहे?" नेट नाहीच, साऊंडचा मिक्सर टॅबवरून चालवायचाय म्हटलं, की दुकानदार थेट सहा-आठ अँटेनांच्या गेमिंग राऊटरकडे बोट दाखवतो. त्याचं चुकत नाही, त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक स्पीडसाठीच येतं. आपल्या कामाला मात्र स्पीड जवळजवळ लागतच नाही.

टॅब आणि मिक्सरमध्ये आवाज जातच नाही, जातात ते फक्त हुकूम: अमुक फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) इतका वर, तमुक ऑक्स (कलाकारांच्या मॉनिटरकडे जाणारा आवाज) इतका खाली. उलट दिशेने मीटरची हलणारी आकडेवारी येते. बेहरिंगरच्या एक्सआर१८ किंवा एक्स३२ या डिजिटल मिक्सरचा हा सगळा कारभार काही एमबीपीएसमध्ये आरामात बसतो. अडचण वेगळीच आहे. हे हुकूम यूडीपी नावाच्या पद्धतीने जातात. वाटेत हरवले तर हरवले, परत कोणी पाठवत नाही. म्हणून मी राऊटर किती पळतो ते बघत नाही, गर्दीत टिकतो का ते बघतो.

गर्दी म्हणजे काय ते दिवाळी पहाटला कळतं. पहाटे चारला लॉन रिकामं असतं, लाईन चेकला (एकेक माईक तपासताना) शेवटच्या रांगेतून टॅब लोण्यासारखा चालतो. सहाला खुर्च्या भरतात. प्रत्येकाच्या हातात फोन, त्यातल्या बऱ्याच फोनांचं वायफाय चालू, काहींचे हॉटस्पॉट चालू. शिवाय माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, आणि ते रेडिओ लहरी गिळतं. गायिका बोट वर करून तंबोरा मागते, तुम्ही तिच्या मॉनिटरला, म्हणजे तिच्यासमोरच्या स्पीकरला, जाणारा सेंड वर नेता, फेडर क्षणभर तिथे थांबतो आणि आपसूक जुन्या जागी येतो. आवाज बंद पडत नाही, मिक्सर आहे त्या सेटिंगवर इमानदारीत चालत राहतो. फक्त आपले हात बांधले जातात. एक्सआर१८ ला अंगावर एकही फेडर नाही, तेव्हा नेमकी त्याच वेळी मॉनिटरने शिट्टी धरली तर धावत जाऊन खाली ओढायलाही काही नसतं.

एक्सआर१८ च्या पोटातलं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. ब्लूटूथ तिथेच, बरेचसे स्वस्त वायरलेस माईकही तिथेच. घरी रियाझाला ठीक आहे, कार्यक्रमाला मी ते वापरत नाही.

म्हणून पहिली अट, राऊटर ड्युअल बँड हवा, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा. दुसरी अट जास्त महत्त्वाची: ५ गिगाहर्ट्झचा चॅनेल हाताने ठरवता आला पाहिजे. 'ऑटो'वर सोडलं तर तो भर कार्यक्रमात चॅनेल बदलू शकतो. मी ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला घेतो. मधले ५२ ते १४४ शक्यतो टाळतो. तो पट्टा हवामानाच्या आणि लष्करी रडारांसोबत वाटून घ्यावा लागतो. रडारची चाहूल लागली की राऊटरला चॅनेल सोडावाच लागतो, आणि त्या पट्ट्यातला नवा चॅनेल धरण्याआधी किमान मिनिटभर गप्प राहून कानोसा घ्यावा लागतो. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. ८० वर स्पीड वाढतो, पण लोकांचा गोंगाटही तेवढाच जास्त आत येतो.

हे सगळं टीपी-लिंक आर्चर सी६ सारख्या साध्या एसी१२०० (म्हणजे वायफाय ५ च्या) राऊटरमध्ये मिळतं, दोन हजारांच्या आसपास. वायफाय ६ घेतलंत तर बिघडत नाही, पण त्यासाठी जास्तीचे पैसे मी मोजणार नाही. ते पैसे स्टँडवर घाला. खरंच. स्टेजच्या कोपऱ्यात, केबलच्या ढिगात, रॅकच्या आत ठेवलेला महागडा राऊटर हा आठ फूट उंचीवर स्पीकर स्टँडला बांधलेल्या स्वस्त राऊटरपुढे हरतो. राऊटर लोकांच्या डोक्यांच्या वर पाहिजे आणि तुम्ही बसता तिथून डोळ्यांना दिसला पाहिजे. अँटेना उभ्या ठेवा. उभ्या अँटेनाचा सिग्नल मेदूवड्यासारखा आडवा पसरतो आणि टोकाच्या दिशेला भोक असतं. प्रेक्षकांकडे रोखलेली अँटेना म्हणजे ते भोकच प्रेक्षकांकडे.

जोडणीत लोक एका जागी हमखास अडकतात. मिक्सरची केबल राऊटरच्या लॅन पोर्टला (आतल्या उपकरणांसाठीच्या) लावायची, वॅनला (बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या) नाही. वॅन बहुधा वेगळ्या रंगाचा असतो आणि तोच आधी डोळ्यात भरतो. तिथे लावली तर दिवे लागतात, टॅब जोडला जातो, मिक्सर मात्र ॲपमध्ये दिसत नाही. गेस्ट नेटवर्कवरही (राऊटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवरही) हेच होतं, कारण गेस्टला आतली उपकरणं दिसू नयेत अशीच त्याची रचना असते. एक्सआर१८ वरची छोटी स्विच इथरनेटवर आहे ना, तेही बघा. मिक्सरला राऊटरमधून कायमचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बांधून द्या, म्हणजे ॲपमध्ये दर वेळी शोधाशोध नको.

स्मार्ट कनेक्ट (दोन्ही बँड एकाच नावाखाली दाखवणारी सोय) बंद करून दोन्ही बँडना वेगळी नावं द्या. टॅब ५ वर, आणि २.४ राखीव.

टॅबही कमी नाही. या वायफायवर इंटरनेट नाही हे कळलं की अँड्रॉइड गुपचूप मोबाईल डेटाकडे किंवा दुसऱ्या ओळखीच्या वायफायकडे वळतो. कार्यक्रमाच्या टॅबमध्ये सिमच ठेवू नका, आणि हॉलचं, चहावाल्याचं, घरचं, सगळी जुनी वायफाय पुसून टाका.

आता वीज. लॉनवर लाईट गेली की जनरेटर चालू होईपर्यंतचे ते काही सेकंद राऊटर बंद पडायला पुरतात. राऊटर पुन्हा उठायला मिनिट-दीड मिनिट घेतो. राऊटरसाठी छोटे यूपीएस मिळतात, साधारण दीड-दोन हजारांत. घेताना राऊटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा, ९ आणि १२ दोन्ही प्रकार असतात. मिक्सर मात्र यूपीएसवर नसेल तर एकट्या राऊटरला जागं ठेवून उपयोग नाही.

एवढं करूनही मी राऊटरपासून माझ्या टेबलापर्यंत एक कॅट६ (नेटवर्कची) केबल ओढतोच आणि लॅपटॉपवर एक्स एअर एडिट, म्हणजे एक्सआर१८ चालवायचं सॉफ्टवेअर, उघडं ठेवतो. शंभर मीटरपर्यंत ही केबल बिनदिक्कत चालते. मंडपवाले कुरकुरतात, खुर्च्यांखालून टेप मारत न्यावी लागते.

पासवर्ड कलाकारांच्या ग्रुपवर टाकू नका. तबलजींचा भाचा हौसेने ॲप उतरवतो आणि आधी मेन फेडरलाच हात घालतो.