मुरबाडची भेंडी, तुर्भ्याचं पॅकहाऊस: खर्च नेमका कुठे चढतो

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूर पट्ट्यात निर्यातीची भेंडी घेणाऱ्या शेतकरी गटांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रेसिड्यू (मालात उरलेला औषधाचा अंश) तपासणी, सर्टिफिकेट, पॅकिंग धरून किलोमागे किती पडतं? बांधावर बसून याचं उत्तर मिळत नाही. माल ज्या वाटेने जातो त्याच वाटेने एकदा जाऊन यावं लागतं. मुरबाड, कल्याण, शिळफाटा, महापे, तुर्भे असा हा एका दिवसाचा दौरा आहे. शिळफाट्याला कोंडी कधी लागेल याचा नेम नसतो, म्हणून रात्री दोनला गाडी काढलेली बरी. पॅकहाऊस (निर्यातीचा माल निवडून पॅक करायची जागा) आणि प्रक्रिया केंद्र बघायला आधी परवानगी घ्यावी लागते. ऐनवेळी गेटवर जाऊन उभं राहिलं तर आत कोणी घेत नाही. रेल्वेने येणाऱ्यांना तुर्भे किंवा सानपाडा स्टेशन जवळ पडतं.

पहिला थांबा तुर्भ्याच्या बाजार समितीच्या भाजीपाला मार्केटमधला. इथे भाव रंग, कोवळेपणा आणि आकार बघून ठरतो. फवारणीची वही कोणी मागत नाही, आणि नीट फवारलेल्या मालाला चार पैसे जास्त मिळत नाहीत. याचं मूळ कायद्यातही आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात कच्चा शेतमाल शेतकऱ्याच्या हातात असेपर्यंत ‘प्राथमिक अन्न’ या व्याख्येत येत नाही, गाळेवाल्याच्या हातात गेला की येतो. नमुना घेतला जातो तो गाळ्यावर, आणि तिथे दहा गावांचा माल एकत्र झालेला असतो. सापडलेला अंश कोणाच्या शेतातला हे मागे शोधता येत नाही. त्यामुळे चांगलं काम करणाऱ्याला बक्षीस नाही आणि वाईट काम करणाऱ्याला शिक्षाही नाही. तरी इथे थांबायचंच, कारण निर्यातीत बाद झालेला माल शेवटी याच मार्केटमध्ये येतो. हमाली, तोलाई, वाराई कापून हातात काय पडतं हे एखाद्या पट्टीवरून (विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवरून) लिहून घ्या. पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया हाच आकडा. अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, २०१६ पासून खरेदीदाराकडून घ्यायची आहे. पट्टीवर ती वेगळ्या नावाने कापलेली दिसली तर विचारायला संकोच करू नका.

दुसरा थांबा पॅकहाऊसचा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रतवारीच्या टेबलाजवळ उभं राहून बाद होणारी भेंडी हातात घेऊन बघा. शिरांवर केसाएवढ्या काळ्या रेघा दिसतील. तोडताना नख लागलं, क्रेट वरपर्यंत दाबून भरला किंवा गोणीत माल घासला, की काही तासांनी या रेघा उमटतात. सकाळी शेतात हिरवीगार दिसलेली भेंडी संध्याकाळी टेबलावर बाद होते ती अशी. सुती हातमोजे आणि उथळ क्रेट हा खर्च निव्वळ नियमासाठी केलेला नाही, बाद माल कमी झाल्याने तो तिथल्या तिथे वसूल होतो. क्रेटमध्ये वर्तमानपत्र अंथरायची सवय मात्र सोडा. शाईमुळे ते अन्नाला चालत नाही, कोरा कागद वापरा. शीतगृहात भेंडीला ७ ते १० अंश सेल्सिअस लागतं. त्याखाली ठेवली तर थंडीने डाग पडतात, म्हणून ‘जितकं गार तितकं चांगलं’ इथे चालत नाही.

धुण्याच्या टाकीचं गणितही बघून घ्या. पालेभाजीसाठी १०० लिटर पाण्यात ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) क्लोरीन हवं असेल तर ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर लागतं. बाटली जुनी असेल तर ताकद उतरलेली असते. पाण्याचा सामू (पीएच) साडेसात-आठच्या वर गेला तर क्लोरीन असूनही काम करत नाही, आणि माती आली की ते मातीतच संपतं. म्हणून दिवसभर एकच टाकी वापरून चालत नाही. क्लोरीन मोजायची पट्टी बुडवून तपासायचं, पाणी बदलायचं आणि शेवटी पिण्याच्या पाण्याने विसळायचं.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात प्रयोगशाळा आहेत. हा तिसरा थांबा. इथे दर विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा: एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेत भेंडी येते का, आणि यादीत किती व कोणती कीडनाशकं आहेत. स्वस्त चाचणीची यादी छोटी असेल, तर जे औषध शोधलंच नाही ते ‘आढळलं नाही’ अशी समजूत होते. चाचणीचे पैसे नमुन्यामागे लागतात, किलोमागे नाही. उदाहरणापुरतं एका नमुन्याला ४,००० रुपये धरा. ५०० किलोच्या लॉटवर (एकत्र तपासल्या जाणाऱ्या मालावर) किलोला ८ रुपये पडतात, ४ टनांच्या लॉटवर १ रुपया. औषध तेच आणि कष्ट तेवढेच असूनही छोट्या शेतकऱ्यावर आठपट भार येतो. लॉट एकत्र करायचा तर सगळ्या प्लॉटवर फवारणीचं वेळापत्रक एकच हवं. एकाने गुपचूप वेगळं औषध मारलं तर सगळ्यांचा लॉट जातो.

युरोपियन संघात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. क्लोरपायरिफॉस या कीडनाशकाची मर्यादाही २०२० मध्ये एवढ्यावरच आणली. वाळवीसाठी जमिनीत टाकलेलं, शेजारच्या वाऱ्याने आलेलं किंवा न धुतलेल्या पंपात उरलेलं क्लोरपायरिफॉससुद्धा चाचणीत सापडतं. निर्यातीच्या प्लॉटला स्वतंत्र पंप घ्या, ही काटकसरीची जागा नव्हे. ‘जैविक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांत न छापलेलं रसायन निघतं, तेव्हा नवीन बाटली आधी एका ओळीवर वापरून त्या ओळीतल्या भेंडीची चाचणी करा.

खरा मोठा खर्च मात्र कोणत्याच पावतीवर दिसत नाही. लेबलवर लिहिलेला काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (फवारणीनंतर तोडणीआधी थांबायचे दिवस) आपल्या देशातल्या मर्यादेसाठी असतो, ०.०१ साठी त्याहून जास्त दिवस थांबावं लागू शकतं. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. सात दिवस थांबायचं म्हटलं तर तीन-चार तोडे निर्यातीतून गेले. शेंग थांबत नाही, जून होते. ती तोडून टाकावीच लागते, नाहीतर झाड पुढची फुलं धरत नाही. आणि प्रतीक्षा काळ संपलेला नसेल तर तो माल मार्केटलाही पाठवू नये, तो आपल्याच लोकांच्या ताटात जातो. एका तोड्याला १०० किलो धरले तर एका चुकीच्या वेळच्या फवारणीने ३०० ते ४०० किलोंचा निर्यात भाव गेला. चाचणीची फी यापुढे किरकोळ आहे. म्हणून कठोर औषधं फुलोऱ्याआधी संपवावीत, तोडे सुरू झाल्यावर कामगंध सापळे (वासाने नर पतंग पकडणारे), पिवळे चिकट सापळे आणि कीडग्रस्त शेंगा वेचणं यावर भर द्यावा. मजुरी वाढते, पण तोडे वाचतात.

चौथा थांबा वाशीतलं राज्य कृषी पणन मंडळाचं निर्यात सुविधा केंद्र. आंबावाल्यांनी एप्रिल-मेमध्ये यावं. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान ४०० ग्रे (विकिरणाच्या मात्रेचं एकक) विकिरण लागतं, युरोपसाठी ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं, जपानसाठी ४७.५ अंशांची उष्ण बाष्प प्रक्रिया २० मिनिटं. हे सगळं फळमाशीसारख्या किडींसाठी आहे. औषधाचा अंश यातल्या कशानेही काढायचा नसतो. हे दोन खर्च वहीत वेगळे लिहा, कारण कीड आणि रेसिड्यू यांची कागदपत्रं वेगळी आणि अडचणीही वेगळ्या. १ मे २०१४ पासून युरोपने भारतातला आंबा, कारलं, वांगं, पडवळ आणि अळू काही काळ बंद केला होता, तो किडीमुळे. कागदाची किंमत मे २०२५ मध्ये दिसली: नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या १५ खेपा कागदपत्रांतल्या त्रुटीवरून अमेरिकेत नाकारल्या गेल्या. परत आणण्याचं भाडं परवडत नाही म्हणून माल तिथेच नष्ट करावा लागला.

सर्टिफिकेटचं गणितही लॉटसारखंच आहे. ग्लोबल गॅप या शेतीच्या आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटसाठी गटाने नोंदणी केली तर बाहेरचा तपासनीस सगळी शेतं बघत नाही, शेतकरी संख्येच्या वर्गमुळाएवढी बघतो. २५ जणांत ५, ३६ जणांत ६. मात्र गटाला स्वतः प्रत्येक शेत तपासून नोंद ठेवावी लागते, आणि गटाचा कारभारही तपासला जातो. त्यासाठी वही लिहिणारा एक पगारी माणूस धरा. हे काम ‘कोणीतरी करेल’ म्हणून सोडलं की पहिल्याच तपासणीत अडकतं. कुलूपबंद औषधकपाट, हात धुण्याची सोय, मजुरांसाठी संडास हा एकदाचा खर्च, पाण्याची चाचणी आणि नूतनीकरण दरवर्षीचा.

परतण्याआधी निर्यातदाराशी बोलणी कराल तेव्हा तीन गोष्टी लिहून घ्या: नमुना शेतात घेणार की पॅकहाऊसमध्ये, टेबलावर बाद झालेला माल कोणाच्या नावावर वजा होणार, आणि माल परदेशात अडकला तर पैसे कोणाचे थांबणार. तिसऱ्याला तोंडी उत्तर मिळालं तर पहिल्या हंगामात एकाच प्लॉटची भेंडी द्या.