जिप्सीचा सायलेन्सर आणि एक तुटलेला स्टड

बेळगावजवळच्या खानापुरात पाऊस चार महिने मुक्कामाला असतो, म्हणून इथल्या जुन्या गाड्या खालून कुजतात. बाबांची २००४ ची एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनची) जिप्सी तशीच झाली होती. सायलेन्सरची चाळणी, मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या भागाला, तडा. शेवटी बाहेरच्या कंपनीचा, मॅनिफोल्डच्या जागी बसणारा स्टीलचा हेडर आणि सायलेन्सर मागवला. पार्सल आलं, मागचे पाईप बसले, हँगरची रबरं नवी घातली. अडलं ते एका स्टडपाशी, म्हणजे मॅनिफोल्ड इंजिनाला धरून ठेवणाऱ्या आटेदार दांड्यापाशी.

चौथ्या सिलिंडरचा, फायरवॉलकडचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडचा) खालचा स्टड. गावातल्या गॅरेजवाल्यानं तेलाचा थेंबही न टाकता पान्याला पाईप घालून जोर दिला आणि तो तुटला. तुटल्याचा राग नाही, जुन्या गाडीत तुटतातच. पण त्यानं मला सांगितलं नाही! फटीत काळं सीलंट भरलं, बाकीचे नट आवळले आणि "झालं बघा" म्हणून किल्ली हातात दिली. जांबोटीचा चढ लागला तशी फट्फट् सुरू झाली, जळका वास आत यायला लागला. एक्झॉस्टच्या उष्णतेपुढं ते सीलंट काय टिकणार? त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि मागं माझी मुलं बसली होती. आजही आठवलं की संताप होतो.

परत गेलो तर म्हणाला, "इझी-आऊट लावून काढतो." ते ऐकलं आणि गाडी घेऊन थेट बेळगावला, उद्यमबागेत एका लेथवाल्या मामांकडं गेलो. इझी-आऊट, म्हणजे तुटक्या स्टडात भोक पाडून तो फिरवून काढायचा दांडा, कडक पोलादाचा असतो. तो आत मोडला तर साध्या ड्रिलनं निघत नाही, मग हेडच (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं. असल्या गंजलेल्या स्टडला तो कुणालाही लावू देऊ नका.

मामांनी टॉर्च मारून बघितलं. मी सारखं विचारत होतो, आज होईल का? ते कानडीत म्हणाले, "तडीरी, गडबड ब्याड (थांबा, घाई नको). इतकी वर्सं बसलाय तो, एक रात्र देऊया की त्याला." रात्रभर गंज सोडवायचं तेल मुरत ठेवलं. सकाळी आधी बॅटरीची निगेटिव्ह तार आणि ईसीएमचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) प्लग काढला. एमपीएफआय गाडीवर वेल्डिंग करण्याआधी हे करायलाच हवं. स्टडचं नखाएवढं टोक बाहेर होतं. त्यावर नट धरून आतून वेल्ड भरला. नट निखळला. दुसराही निखळला. मला तिथं उभं राहवेना, रस्त्यापर्यंत जाऊन आलो. तिसऱ्यानं धरलं. लाली उतरल्यावर मामांनी मेणबत्ती टेकवली, मेण वितळून आट्यांत उतरलं. मग जरासं पुढं, जरासं मागं, परत तेल, परत पुढं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, स्टड पोलादी. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून पकड सैल होते. पाऊण तासानं स्टड करकरत फिरला आणि मी मामांचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला.

आटे साफ करायला त्यांतून टॅप फिरवून घेतला. मग सगळेच स्टड नवे टाकले, आट्यांना तांब्याची पेस्ट लावली, गॅसकेटही नवा. नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडं थोडे थोडे आवळत जायचे.

तुम्ही हे काम काढणार असाल तर दोन-तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर स्टडवर तेल सोडा. हेडर मागवताना ऑक्सिजन सेन्सरची जागा आहे ना, हे विचारा. माझ्यात होती, पण मी विचारलं नव्हतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकू नका, एमिशन टेस्टला अडकाल. १२९८ सीसीच्या इंजिनाला फार जाड पाईप घातला तर खालच्या गिअरमधली ओढ जाते, आणि घाटात तीच लागते. जुना सायलेन्सर भंगारात देऊ नका. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणी वाढवायला गाडी आरटीओत दाखवावी लागते. तिथं आवाजावरून वाद झाला तर तोच परत बसवता येतो.

आणि गाडी दोनशे किलोमीटर चालली की गार इंजिनावर नट पुन्हा आवळून बघा. माझा तो मागचा नट पाव फेरा आत गेला. त्यानंतर जांबोटीचा चढ चढलो, मुलांना घेऊन, काचा बंद करून. कसला वास नाही की फट्फट् नाही.