टोपणनावांचा कप्पा : श्रायबरची पेटी घरी आली

खोट्या नावांनी छापलेल्या रेकॉर्डी मी जमवतो. त्यातली चार वर्षं जिच्या मागे होतो ती एलपींची पेटी मिळाली. ॲलेग्रो-रॉयाल या रेकॉर्ड लेबलची, वाग्नरचा ऑपेरा 'डी वाल्क्यूरे'. पेटीवर छापलंय : ड्रेस्डेन स्टेट ऑपेरा, वाद्यवृंद संचालक फ्रिट्झ श्रायबर. या नावाच्या कुणीही हा ऑपेरा तिथे कधी उभा केला नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : १९५४ साली अमेरिकेत आख्खी 'रिंग' (वाग्नरची चार ऑपेरांची मालिका, 'वाल्क्यूरे' त्यातलाच दुसरा) श्रायबरच्या नावाने विकायला आली. मुळात ते ध्वनिमुद्रण १९५३च्या बायरॉइट या जर्मनीतल्या वाग्नर महोत्सवातलं, योझेफ काइलबर्टच्या संचालनाखालचं, परवानगीशिवाय छापलेलं. त्यात झीगलिंडंची भूमिका गायलेल्या रेजिना रेझनिकने रेकॉर्डवर स्वतःचाच आवाज ओळखला आणि संच मागे घेतले गेले. म्हणूनच आज पेटी हाती लागायला इतका वेळ लागतो.

शनिवारी कोमट पाण्याने एकेक बाजू धुतली, रात्रभर उभी करून वाळवली आणि रविवारी सकाळी सुई ठेवली. आतलं ध्वनिमुद्रण खरंच काइलबर्टचं का, हे पहिला अंक ऐकून ठरवायचं नाही, हे आधी चुकलोय म्हणून सांगतो. त्या वर्षी बायरॉइटला 'रिंग' दोन संचालकांनी केली, काइलबर्ट आणि क्लेमेन्स क्राउस. रेझनिक दोन्हींत, झीगमुंड झालेला रामोन विनायही दोन्हींत, वोटानच्या भूमिकेत दोन्हीकडे हान्स होटरच. फरक पडतो दुसऱ्या अंकात. क्राउसकडे ब्रूनहिल्डंच्या भूमिकेत ॲस्ट्रिड वार्ने आहे, काइलबर्टकडे मार्था म्योडल. ब्रूनहिल्डंची ती पहिली आरोळी आली आणि मी खुर्चीतून उठलोच. तळाला जाड, मधाळ, वर चढताना किंचित ताणलेला आवाज. म्योडलच!

बाकी प्रगती थोडी. न्यू जर्सीत राहायचा फायदा म्हणजे आरसीए कॅमडेन या लेबलच्या स्वस्त एलपी जुन्या सामानाच्या दुकानांत सापडतात. कॅमडेन गाव इथलंच, आरसीए व्हिक्टर कंपनीचा कारखाना तिथे होता. या लेबलवरही नामवंत वाद्यवृंद टोपणनावाने छापलेले असतात. या महिन्यात 'वॉरिक सिम्फनी'ची एक मिळाली, म्हणजे नदीपलीकडची फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा. 'सेंटेनियल सिम्फनी' (बॉस्टन) आधीच दोन आहेत. या एलपी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या, छोट्या बाजूंच्या रेकॉर्डींवरून घेतलेल्या असल्याने चारेक मिनिटांनी खरखरीचा पोत बदलतो, तिथे बाजू जोडलेली असते. तो जोड कानाला सापडला की मला अजूनही आनंद होतो.

प्रत्येक रेकॉर्डच्या आतल्या पाकिटात मी खऱ्या नावांची चिठ्ठी ठेवतो. श्रायबरच्या पेटीत काल ठेवली : काइलबर्ट, म्योडल, रेझनिक, विनाय, होटर. याच 'रिंग'मधली पुढची 'सीगफ्रीड'ची पेटी कुणाकडे जास्तीची असेल तर कळवा, बदल्यात कॅमडेन देईन.