कात्रज ते सिंहगड, भर दिवसा: सर्व्हेच्या खुणेच्या शोधात

के-टू-एस, म्हणजे कात्रज ते सिंहगड हा धारेवरचा ट्रेक म्हटला की पुणेकर रात्रीच निघतो. पण जमीन मोजणाऱ्या सर्व्हेवाल्यांनी कातळावर कोरलेली वीतभर खूण शोधायची तर ऊन हवं, तेही तिरपं. म्हणून डिसेंबरात जुन्या कात्रज बोगद्यापाशी उतरलो आणि उजाडता उजाडता वाघजाईच्या देवळाजवळून धारेला लागलो. पहिल्या टेकड्यांवर दम लागतो आणि हायवेचा आवाज पाठ सोडत नाही; बाकी काही नाही.

पुढे मात्र डोंगर बघत चालावं. ही रांग म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उसळून एकावर एक पसरलेला लाव्हा. घट्ट काळा थर कडा धरून उभा राहतो. वायूच्या बुडबुड्यांनी भोकं पडलेला थर लवकर झिजतो आणि त्याचा मुरूम होतो. त्या भोकांत पांढरी स्फटिकं भरलेली दिसतात. मध्येच एखादा विटकरी पट्टा लागतो: दोन लोटांमध्ये उसंत मिळाली तेव्हा खालचा थर कुजून झालेली माती, वरच्या लाव्ह्याने भाजलेली. खूण शोधणाऱ्याने मुरमाच्या उतारावर वेळ घालवू नये. तिथे पायसुद्धा ठरत नाही, छिन्नीची रेघ कुठून टिकणार? माथ्यावरचा उघडा, घट्ट कातळ गाठायचा.

तशाच एका माथ्यावर गवत बाजूला सारताना ती सापडली: एक वर्तुळ, मधोमध खोलगट ठिपका. शेजारी रचलेले दगड ढासळलेले.

"काका, हाच ना बेंचमार्क?"

सोबतचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बेंचमार्क कसला रे, हे ट्रँग्युलेशन स्टेशन. यावर थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, उभं करायचे."

फरक महत्त्वाचा आहे, कारण त्यावरून कुठे शोधायचं ते ठरतं. विल्यम लॅम्ब्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासपासून सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी अशा स्टेशनांवरून, माथ्यामाथ्यांवरून पुढे सरकली. लांबवरची शिखरं एकमेकांना दिसायला हवीत ना! बेंचमार्क ही मोजलेल्या उंचीची खूण. लेव्हलिंगवाले, म्हणजे उंची मोजणारे, पट्टी धरून टप्प्याटप्प्याने रस्त्या-रुळांच्या कडेने जातात, त्यामुळे तो बहुधा खालीच सापडतो.

निघण्याआधी सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० नकाशा घ्या. सिंहगडाचा भाग जुन्या क्रमांकात ४७ एफ/१५ मध्ये येतो. त्यावर ठिपक्यासह त्रिकोण म्हणजे स्टेशन, 'बीएम' म्हणजे बेंचमार्क. मोबाइलमधली उंची नकाशाशी जुळली नाही तर गोंधळू नका: काही अॅप समुद्रसपाटीऐवजी जीपीएस पृथ्वीचा आकार म्हणून जो गणिती लंबगोल धरतं त्यापासून उंची दाखवतात आणि पुण्याच्या आसपास ती साधारण ६० ते ७० मीटर कमी भरते. होकायंत्रावरही डोळे मिटून विसंबू नका. या दगडातच चुंबकीय खनिज आहे. यंत्र कातळावर टेकवलं तर काटा भरकटू शकतो.

नेमकी टेकडी मुद्दाम सांगत नाही. गडांवरच्या दगडांवर नावं कोरणारी मंडळी इथेही पोचतील. तुम्हाला सापडली तर फोटो काढा, पण खडू, रंग किंवा तारेचा ब्रश लावू नका.

धारेवर पाणी नाही, सावली नाही. माणशी ४ लिटर पाणी घ्या, जास्त वाटलं तरी. घसाऱ्यावर चांगली पकड असलेले बूट हवेत. मार्चनंतर दिवसा जाऊच नका. ऊन तर असतंच, शिवाय वाळलेल्या गवताला वणवा लागतो. शेवटची टेकडी उतरली की सिंहगडाचा घाटरस्ता लागतो. वर जाऊन पिठलं-भाकरी खायची की थेट खाली उतरायचं, हे पायांना विचारून ठरवा. पायथ्याहून स्वारगेटकडे पीएमपीची बस मिळते, पण रविवारी संध्याकाळी उभं राहायची तयारी ठेवा.

आणि खरा बेंचमार्कच हवा असेल तर डोंगर चढायची गरज नाही. जुनी रेल्वे स्टेशनं, पूल, सरकारी इमारतींच्या पायऱ्या बघत फिरा. दगडावर 'जीटीएस बीएम' ही इंग्रजी अक्षरं (जीटीएस म्हणजे ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे, लॅम्ब्टनची तीच मोजणी) दिसली की समजा, मिळाला.