डार्मश्टाटमधली अ‍ॅलिस

फ्रँकफर्टहून लोकल गाडीने अर्ध्या तासात डार्मश्टाट येते. बहुतेक प्रवासी तेथील माथिल्डेनह्योहे टेकडीवरच्या कलावंतांच्या वसाहतीसाठी जातात. मला ओढ होती ती राणी व्हिक्टोरियाची दुसरी मुलगी अ‍ॅलिस हिच्या सासरची.

१ जुलै १८६२ रोजी ऑस्बोर्न हाउसच्या जेवणाच्या दालनात हेस या जर्मन राज्याच्या राजघराण्यातील लुडविगशी तिचे लग्न लागले. वडील प्रिन्स अल्बर्ट यांना जाऊन जेमतेम साडेसहा महिने झाले होते. त्यांच्या अखेरच्या दुखण्यात उशाशी बसून सेवा केली होती ती अ‍ॅलिसनेच. राणीच्याच मते तो सोहळा लग्नापेक्षा अंत्यविधीसारखा अधिक होता. लुडविगबरोबर तिने इंग्रजी वळणाने बांधून घेतलेला नवा राजवाडा ११ सप्टेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. त्या जागी आता नाट्यगृह आहे.

गावाच्या पूर्वेकडील रोझेनह्योहे बागेत मात्र पुष्कळ वेळ द्यावा. सिंहांचे पुतळे असलेल्या दरवाजातून आत गेले की झाडीत राजघराण्याच्या समाध्या आहेत. योसेफ एडगर बोएम यांनी घडवलेल्या संगमरवरी शिल्पात अ‍ॅलिस निजलेली आहे आणि तिच्या कुशीत तिची चार वर्षांची मुलगी मे आहे. हेमोफिलियाने, म्हणजे रक्त न गोठण्याच्या आजाराने, ग्रासलेला धाकटा मुलगा फ्रीडरिश १८७३ मध्ये खिडकीतून पडून दगावला होता. १८७८ च्या नोव्हेंबरात घटसर्प घरात शिरला. मुलगी एलिझाबेथ सोडून सारी मुले अंथरुणाला खिळली, आणि नवराही सुटला नाही, तोही आजारी पडला. छोटी मे त्याच नोव्हेंबरच्या १६ तारखेला गेली. अ‍ॅलिसने ही बातमी इतरांपासून कित्येक दिवस लपवली. शेवटी मुलगा एर्न्स्टला सांगावेच लागले, तेव्हा त्याचा आक्रोश पाहून तिने त्याला जवळ घेऊन मुका घेतला. संसर्ग त्यातूनच झाला असे मानले जाते. १४ डिसेंबरला, म्हणजे वडिलांच्या पुण्यतिथीलाच, पस्तिसाव्या वर्षी ती वारली.

जवळच्याच टेकडीवर जावई झार निकोलस दुसरा याने बांधवलेले सोनेरी घुमटांचे रशियन चर्च आहे. तेथे साहजिकच अ‍ॅलिसची मुलगी आलिक्स, म्हणजे झारिना अलेक्झांड्रा, हिची आणि झारच्या कुटुंबाच्या १९१८ मधील हत्याकांडाची चर्चा होते, आणि आई त्या चर्चेत मागे पडते. हे मला पटत नाही. १८६६ च्या युद्धात हेस ऑस्ट्रियाच्या बाजूने लढले, तेव्हा दिवस भरत आलेले असतानाही अ‍ॅलिस जखमींच्या व्यवस्थेत गुंतली होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेलशी तिचा पत्रव्यवहार होता आणि १८६७ मध्ये परिचारिका तयार करण्यासाठी तिने महिला मंडळ उभे केले. त्या कामातून निघालेले अ‍ॅलिस हॉस्पिटल आजही गावात चालू आहे.

आपल्याकडे तिचे नाव फारसे कोणी घेत नाही. पण हिंदुस्थानचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन हे तिच्या थोरल्या मुलीचे, व्हिक्टोरियाचे, चिरंजीव.