शिंपला, कळीचा चुना आणि आईची कंबर

आठ वर्षांपूर्वी चोपड्याच्या घरी ओट्यावरून पडून आईच्या नडगीचे हाड असे चुरले, की मधली पोकळी भरण्यासाठी डॉक्टरांना तिच्याच कंबरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवावा लागला. पाय काही महिन्यांत सावरला. कंबरेवरची चार बोटांची जखम मात्र पुढे दोन हिवाळे ठणकत राहिली. पहाटे भिंतीला हात टेकून उठताना ती म्हणायची, "पाय नही दुखस रे, हाई कंबर दुखस." एक हाड जुळवण्यासाठी दुसरे धडधाकट हाड दुखवावे लागते, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून गेली नाही.

मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे वाचन आपोआप हाडांकडे वळले. वाळलेल्या हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो, आणि ते खनिज हायड्रॉक्सीॲपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटच्या फार जवळचे असते. शिंपला मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो. म्हणजे कॅल्शियम शिंपल्यात आहेच. फक्त कार्बोनेट काढून तिथे फॉस्फेट आणले, की पोकळी भरायला दुसरे हाड न दुखवता वापरता येईल असे खनिज शिंपल्यातूनच मिळू शकते.

त्याची सुरुवात आपल्याकडच्या चुनाभट्टीसारखीच होते. स्वच्छ धुतलेले शिंपले सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजले, की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो फसफसतो, भांडे हाताला चटका देईल इतके तापते आणि चुना विरतो. खरी कसोटी यापुढे असते. विरलेला चुना सतत ढवळत त्यात फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडायचे, मिश्रण अल्कधर्मी राखायचे आणि कॅल्शियम व फॉस्फरसच्या अणूंचे प्रमाण १.६७ च्या आसपास सांभाळायचे. आम्ल घाईने ओतले, तर हवा असलेला पदार्थ न मिळता दुसरीच फॉस्फेटे तयार होतात. नीट जमले, तर दह्याच्या निवळीखाली साका बसावा तसा पांढराशुभ्र साका तळाशी बसतो. तो गाळून, वाळवून पुन्हा भाजतात.

सागरी जिवांच्या सांगाड्यातून हाडाचे खनिज घडवण्याची कल्पना नवी नाही. डेला रॉय आणि लिनेहान या संशोधकांनी १९७४ मध्येच उष्णता व दाबाखाली पोवळ्याचे रूपांतर हायड्रॉक्सीॲपेटाइटमध्ये करून दाखवले होते. पण पोवळ्याचे खडक तोडणे समुद्राला परवडणारे नाही आणि भारतात पोवळ्यांना कायद्याचे संरक्षण आहे. उलट कोकणात तिसऱ्या आणि कालवे खाऊन झाल्यावर त्यांची कवचे टाकूनच दिली जातात. म्हणून मला शिंपल्याचा मार्ग अधिक न्याय्य वाटतो.

मात्र त्याकडून भलती अपेक्षा ठेवू नये. हायड्रॉक्सीॲपेटाइट ठिसूळ असते, त्यामुळे मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाचा भार ते एकटे पेलू शकत नाही. आधाराला धातूची पट्टी लागतेच. त्याचे काम पोकळी भरण्याचे, म्हणजे आपल्या सच्छिद्र अंगात नव्या पेशींना आणि रक्तवाहिन्यांना शिरायला जागा देण्याचे आहे. शिवाय शिंपला ज्या पाण्यात वाढतो त्यातले शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातूही तो साठवू शकतो, म्हणून त्यांची तपासणी झाल्याशिवाय असा पदार्थ शरीराच्या जवळपासही नेता कामा नये.

यंदा शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनींनी हा विषय प्रकल्पासाठी घेतला आहे. एकीने रत्नागिरीच्या मावशीकडून तिसऱ्यांची कवचे आणली, तर दुसरीने तापीच्या पात्रातून गोड्या पाण्यातले शिंपले वेचून आणले. गेल्या मंगळवारी पहिला घाणा भट्टीत गेला. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट पूर्ण भाजले, तर ५० ग्रॅमचे २८ ग्रॅम उरायला हवेत. तराजूवर ३१ भरले. चिमूटभर पूड आम्लात टाकताच बुडबुडे आले, तेव्हा कार्बोनेट अजून शिल्लक असल्याचे दोघींनी स्वतःच ओळखले आणि मी काही सांगण्याआधीच मूस पुन्हा भट्टीत ठेवली.